गाठ जागेवर, किमो सुरू

स्तनातल्या गाठीचा बायॉप्सी रिपोर्ट हातात पडला की घरातल्या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑपरेशन कधी? गाठ आहे, ती काढून टाकायची, एवढं सरळ गणित. आणि डॉक्टर म्हणतात, "आधी किमो देऊ, पाच-सहा महिने. ऑपरेशन त्यानंतर." मग ओपीडीतून बाहेर पडता पडता कुजबुज सुरू होते. म्हणजे पसरलाय का? हाताबाहेर गेलंय आणि आपल्याला सांगत नाहीत का? की पैसे काढायचे धंदे? जिला आजार झालाय ती फारसं बोलत नाही, पण रात्री कुशीवर वळताना तिचा हात त्याच जागी जातो.

किमोचा त्रास असतो, पण त्यातल्या बऱ्याचशा त्रासावर औषधं आहेत. गाठ अंगात ठेवून महिनोन्महिने वावरायचं, यावर मात्र गोळी नाही. हा क्रम कशासाठी ठरवला हे नीट कळलं तरच ते ओझं थोडं हलकं होतं. म्हणून आधी ते.

सुरुवात नाइलाजातून झाली. १९७० च्या दशकात इटलीत मिलान शहरात जान्नी बोनादोन्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे अशा बायका येत, ज्यांची गाठ कातडीला किंवा छातीच्या भिंतीला चिकटलेली असे. सर्जनला सुरी लावायला जागाच नाही. त्यांना आधी औषध दिलं, तर गाठी आक्रसल्या आणि पुढचे उपचार शक्य झाले. मग साहजिकच प्रश्न आला, ज्यांचं ऑपरेशन लगेच करता येतं त्यांनाही आधी किमो दिली तर? अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या गटाने १९८८ ते १९९३ या काळात १,५२३ बायकांवर हे ताडून पाहिलं. निम्म्या बायकांना औषधाच्या चार सायकल ऑपरेशनच्या आधी दिल्या, निम्म्यांना त्याच चार नंतर. पुढे कितीतरी वर्षं पाठपुरावा केला. दोन्ही गटांतल्या बायका सारख्याच जगल्या. आधी किमो घेतली, ऑपरेशन मागे पडलं, म्हणून कुणाचं आयुष्य कमी झालं नाही. फरक पडला तो एवढाच की आधी किमो घेतलेल्यांपैकी जास्त जणींचा स्तन वाचला, फक्त गाठ आणि भोवतालचा भाग काढून भागलं.

'उशीर होतोय' या भीतीला हे उत्तर. पण आज आधी किमो देण्यामागचं मोठं कारण वेगळं आहे. ऑपरेशन करून गाठ काढली आणि मग किमो दिली, तर ती लागू पडते की नाही हे कळायला मार्ग उरत नाही. कुठे तरी लपलेल्या, न दिसणाऱ्या पेशींवर औषध चालवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. गाठ जागेवर असली तर दर सायकलला डॉक्टर हाताने चाचपून, मापून, मध्ये एकदा सोनोग्राफी किंवा एमआरआय करून बघू शकतात. लहान होतेय, मऊ पडतेय, म्हणजे औषध मुरतंय. ढिम्म आहे, तर औषध बदलायचं किंवा सरळ ऑपरेशनकडे वळायचं. उपचार चालू असताना गाठ वाढली असं थोड्याच जणींच्या बाबतीत होतं, आणि झालं तर ते वेळीच कळतं. जी गाठ रात्री झोपू देत नाही, तीच औषधाचा हिशेब दाखवत असते.

सगळ्यांना हा क्रम लागू नाही. गाठ लहान आहे, हार्मोनवर पोसली जाणारी आहे, काखेत काही नाही, तर बहुतेक वेळा ऑपरेशन आधीच करतात. अशा गाठी किमोने पूर्ण विरघळण्याचं प्रमाण शंभरात दहाच्या आसपास. 'हर-टू पॉझिटिव्ह' आणि 'ट्रिपल निगेटिव्ह' या प्रकारांत मात्र चित्र पालटतं. चांगले उपचार मिळाले तर निम्म्याच्या आसपास बायकांच्या ऑपरेशननंतरच्या तपासणीत जिवंत कॅन्सर पेशी सापडतच नाहीत. ट्रिपल निगेटिव्हसाठी कार्बोप्लॅटिन हे जुनं, परवडणारं औषध आधीच्या किमोत घालावं का, यावर मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये ७२० बायकांवर मोठी चाचणी झाली. पन्नाशीपर्यंतच्या बायकांना त्याचा स्पष्ट फायदा झाला. ट्रिपल निगेटिव्ह आपल्याकडे तुलनेने तरुण बायकांत बराच दिसतो, तेव्हा परळमध्ये निघालेलं हे उत्तर आपल्या फार कामाचं.

म्हणूनच बायॉप्सीच्या रिपोर्टमधली ईआर, पीआर (या दोन हार्मोनच्या खुणा) आणि हर-टू ही तीन नावं घरातल्या एका तरी माणसाने समजून घ्यावीत; तिन्ही निगेटिव्ह म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह. पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो.

किमोच्या आधी काही कामं उरकायची असतात. घाईत नेमकी तीच राहून जातात. गाठ पूर्ण विरघळली तर सर्जनला ती कुठे होती हे कसं कळणार? त्यासाठी सुईने तिच्या पोटात तिळाएवढी धातूची क्लिप सोडून ठेवतात; काही ठिकाणी कातडीवर गोंदून खूण करतात. हृदयाची टूडी इको होते, कारण किमोतली एक-दोन औषधं हृदयावर येऊ शकतात. दात किडले असतील तर ते आधीच दाखवून घ्यावेत. पांढऱ्या पेशींचा काउंट खाली असताना दाढ ठणकायला लागली तर पंचाईत. आणि तिशी-पस्तिशीतल्या बाईला पुढे मूल हवं असेल, तर हा विषय पहिल्या सलाइनच्या आधीच काढायला हवा. बीजांडं गोठवून ठेवायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेवढी सवड बहुतेक वेळा असते. आपल्याकडे डॉक्टरही हा विषय काढायला संकोचतात आणि सासरची माणसंही. मग बाईनेच विचारावं. पाळी बंद झाली तरी किमोच्या काळात दिवस जाऊ शकतात, तेव्हा काळजी घ्यायची, पण हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, हेही तेव्हाच स्पष्ट करून घ्यावं.

आता प्रत्यक्ष किमोचा दिवस. वजन, रक्ताचा रिपोर्ट, मग खुर्ची किंवा पलंग. हाताच्या शिरेत सुई, किंवा कॉलरबोनखाली बसवलेला पोर्ट असेल तर त्यात. शिरा बारीक असतील तर पोर्ट घ्यावा, असं माझं मत. सहा महिने दर खेपेला शीर शोधत बसणं हा वेगळाच छळ आहे. आधी उलटीची औषधं आणि स्टेरॉइड. मग येते ती लाल सिरिंज, डॉक्सोरुबिसिन. आमपन्हं किंवा कोकम सरबत पुढे कित्येक महिने नकोसं होतं, असं सांगणाऱ्या बायका भेटतात, त्या या रंगामुळे. इटलीत तेराव्या शतकातल्या एका किल्ल्याजवळच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून हे औषध निघालं, आणि रंग त्याचा स्वतःचाच. ते हळूहळू देतात. शिरेबाहेर सांडलं तर आतली कातडी भाजते, तेव्हा सुईपाशी थोडंही झोंबलं तर "सहन होईल" म्हणत बसायचं नाही. सिस्टरला तत्क्षणी हाक मारायची. एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, हे आधी माहीत नसेल तर घरी हलकल्लोळ होतो. त्यामागोमाग सायक्लोफॉस्फमाइडचं सलाइन. त्याने मूत्राशयाची जळजळ होऊ शकते, म्हणून दोन दिवस भरपूर पाणी, ताक, नारळपाणी आणि वेळच्या वेळी लघवीला जाणं.

उलट्यांची दहशत जुन्या काळातली आहे. आजच्या औषधांनी बहुतेकींना उलटी होतच नाही, मळमळ राहते. पण त्या गोळ्या वेळेवर घ्यायला हव्यात, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. त्यात ओलान्झापिन नावाची गोळी दिली जाते. मेडिकलवाला सांगतो, ही तर मानसिक रुग्णांची, आणि बाई ती बाजूला ठेवते. ती मूळची मनोविकारांवरची आहे हे खरं, पण किमोच्या मळमळीवर तिच्याइतकं गुणकारी औषध क्वचितच. तक्रार एकच, झापड फार येते. टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी २०२४ मध्ये दाखवून दिलं की नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅमनेही उलटी तितकीच आवरते आणि दिवसाची गुंगी बरीच कमी राहते. झापडीने हैराण असाल तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा.

तीन आठवड्यांच्या सायकलला स्वतःची चाल असते, आणि ती पहिल्या खेपेलाच वहीत टिपून ठेवली तर पुढच्या खेपा सोप्या जातात. पहिले दोन दिवस स्टेरॉइडमुळे उसनं बळ असतं, झोप उडते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई कोसळते: अंग गळून जातं, तोंडाची चव जाते, उलटीच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही. काउंट वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल तर पाठ-कंबर ठणकते. सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला जातात, तोंड येतं. तिसरा आठवडा मात्र जवळपास माणसासारखा. लग्नाला हजेरी, बँकेची कामं, मुलांच्या शाळेतली मीटिंग, सगळं त्या आठवड्यात बसवावं.

त्या दुसऱ्या आठवड्यातली एक गोष्ट जिवाशी गाठ आहे: ताप. या काळात घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू कोणती विचाराल तर मी थर्मामीटर म्हणेन. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दिसला की रात्रीचे दोन वाजले असोत, हॉस्पिटल गाठायचं. घरची क्रोसिन घेऊन सकाळपर्यंत वाट बघायची नाही. ती ताप झाकते, जंतू तसेच राहतात. गावाकडे असाल तर जवळच्या डॉक्टरला आधी सांगून ठेवायचं की ही किमोवरची पेशंट आहे, ताप आला तर शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करावं लागेल. किमोत जीव जातो तो उलट्यांनी किंवा केसांनी नव्हे, अशा दुर्लक्षिलेल्या तापाने.

आणि भेटायला येणारी माणसं. आपल्याकडे आजारी माणसाला 'बघून येण्याची' रीत आहे, आणि ती दोन प्रकारे घातक ठरते. एक तर कुणी तरी सर्दी घेऊन येतं. दुसरं म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीत एक जण याच आजाराने गेलेला असतो आणि त्याची हकीगत सविस्तर सांगितली जाते. दाराशीच कुणी तरी खमकं माणूस बसवावं. सासूबाईंना हे काम छान जमतं.

खाण्यापिण्यावरून जितके सल्ले मिळतात तितके दुसऱ्या कशावरून मिळत नाहीत. साखर कॅन्सरला पोसते म्हणून भात-पोळी बंद, दूध बंद, गव्हांकुराचा रस सुरू, गुळवेल सुरू. शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते. पोळी सोडून गाठ उपाशी मरत नाही, बाई मरगळते. बाजारचा गोड माल कमी खावा हे बरोबरच, त्यात स्टेरॉइडने साखर वाढते आणि वजनही. पण या काळात शरीराला खरी गरज प्रथिनांची: वरण, उसळ शिजवून, अंडं, मासे, पनीर, दही. तोंड आलेलं असताना मुगाची मऊ खिचडी, नाचणीची पेज, साजूक तुपाचा भात, आणि मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-सहा वेळा. तोंडाला कडू-धातूसारखी चव येते तेव्हा आमसुलाचं सार किंवा लिंबाची फोड बरी वाटते. कोशिंबीर घरी नीट धुऊन, चिरल्या चिरल्या खायला हरकत नसते. गाडीवरची चटणी आणि कापून ठेवलेली फळं नकोत. गुळवेलीबद्दल मात्र स्पष्टच सांगतो. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनीच ती घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस नोंदवल्या. किमोची कितीतरी औषधं यकृतातूनच जातात. लिव्हर एन्झाइम वाढले म्हणून सायकल पुढे ढकलावी लागली, तर त्या काढ्याने भलं काय केलं? साधा चहातला आल्याचा तुकडा चालतो. पुड्या-काढे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

केस पहिल्या सायकलनंतर दोन-तीन आठवड्यांनी जातात, बहुधा न्हाताना, पुंजक्यांनी. आधीच बारीक कापून घेतले तर तो धक्का कमी बसतो. टाळू गार ठेवणाऱ्या टोप्या काही मोठ्या हॉस्पिटलांत मिळतात. पण त्या लाल औषधापुढे थोड्याच टिकतात. मराठी घरात बाईच्या बोडक्या डोक्याला आणखी एक इतिहास चिकटलेला आहे. मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केस कापायला नकार देऊन संप केला, तो नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. केशवपन गेलं, पण त्याची दचक घरातल्या वृद्ध मंडळींच्या मनात अजून असते. सुनेला असं बघून आजेसासू रडते ती नुसत्या आजाराला नाही. कुणी विग घेतं, कुणी सुती ओढणी बांधतं, कुणी तशीच बाजारात जाते. ज्या त्या बाईवर सोडावं. किमो संपल्यावर केस येतात, आणि पहिले बऱ्याचदा कुरळे येतात.

लाल औषधाच्या चार सायकल झाल्या की अनेकींना पॅक्लिटॅक्सेल, बहुधा दर आठवड्याला एक, असे बारा डोस. हे औषध मूळ अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीत सापडलं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून एरंडेलापासून बनवलेल्या द्रावणात देतात, आणि त्या द्रावणामुळे काहींना रिअ‍ॅक्शन येते; ती टाळायला आधी एविलसारखं इंजेक्शन, त्याने गाढ झोप. उलटीचा त्रास नसल्याने सगळे खूश असतात. खरा त्रास हळूहळू चढतो: बोटांना मुंग्या. लसूण सोलता येत नाही, टिकली बोटाला चिकटून बसते, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. बायका हे सांगत नाहीत, "एवढं काय" म्हणून. सांगायलाच हवं. वेळीच डोस कमी केला तर बऱ्याचदा थांबतं, उशीर झाला तर मुंग्या वर्षभर किंवा कायमच्या राहतात. सलाइन चालू असताना बर्फाचे हातमोजे घातले तर काहींना फायदा होतो. रोज अर्धा तास चालणं मात्र पहिल्या दिवसापासून, थकवा असतानाही. थकव्यावर चालण्याइतकं परिणामकारक दुसरं फारसं काही सापडलेलं नाही.

पैशाचं आणि अंतराचं काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किमो आणि ऑपरेशन दोन्ही बसतं. रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठावं, कारण मंजुरीआधी भरलेले पैसे परत मिळवणं अवघड. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीला भाडं लागत नाही, सोबतच्या माणसालाही मोठी सवलत असते. परळला येणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन कित्येक वर्षं आधार देत आलं आहे. पण ठरलेली किमो घ्यायला दर वेळी मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे कॅन्सरची हॉस्पिटलं आहेत, काही जिल्हा रुग्णालयांतही डे-केअर किमो होते. आराखडा मोठ्या ठिकाणी ठरवून सायकल घराजवळ घ्यायची सोय विचारावी. हर-टूवरचं ट्रॅस्टुझुमॅब एके काळी मध्यमवर्गीयालाही स्वप्नवत होतं. २०१४ मध्ये बायोकॉनने त्याची देशी आवृत्ती बाजारात आणली, पुढे आणखी कंपन्या आल्या, आणि किंमत खाली आली.

शेवटची किमो झाली की साधारण तीन ते सहा आठवड्यांनी ऑपरेशन. नेमका इथे घोटाळा होतो. गाठ हाताला लागत नाही, केस फुटायला लागलेत, घरात पेढे वाटून झालेत, मग "आता कापाकापी कशाला?" काही जणी इथूनच गळतात, परत येतात तेव्हा गाठही परत आलेली असते. हाताला न लागणं म्हणजे पेशी संपणं नव्हे. सोनोग्राफी आणि एमआरआयलाही ते नक्की सांगता येत नाही. ते कळतं तो भाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच.

तो रिपोर्ट दोनपैकी एक गोष्ट सांगतो. काही उरलेलं नाही, तर उत्तमच. तरीही ठरलेली इंजेक्शनं आणि गरजेनुसार शेक (रेडिएशन) चालू राहतात, आणि शेक किती हे किमोच्या आधी गाठ केवढी होती यावर ठरतं, म्हणून पहिली मॅमोग्राफी, पहिले रिपोर्ट फाइलमधून हलवू नयेत. काही पेशी उरल्या असतील तर बायका खचतात, सहा महिने फुकट गेले म्हणतात. पण उरलंय हे कळल्यामुळेच पुढचं औषध निवडता येतं. ट्रिपल निगेटिव्हमध्ये असं काही उरलं तर कॅपेसिटाबिनच्या गोळ्या दिल्याने फायदा होतो, हे जपान आणि कोरियातल्या चाचणीने २०१७ मध्ये दाखवलं. या गोळ्या घरी घेता येतात आणि फारशा महाग नाहीत. हर-टू पॉझिटिव्हमध्ये टी-डीएम-वन हे इंजेक्शन दिलं तर आजार उलटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो, हे २०१९ मध्ये सिद्ध झालं. ते अजून महाग आहे. योजनेत किंवा कंपनीच्या सवलतीत बसतं का, हे रिपोर्ट आला त्याच दिवशी विचारायला सुरुवात करावी.